दम लागणारा डबा

एक वाक्य बोलायचं, मग उजव्या हाताचं बोट वर करायचं, मान जराशी तिरकी करायची आणि गप्प राहायचं. लांबून कुणीतरी उत्तर देणार असल्यासारखं. मग स्वतःशीच "हं, गेलं" म्हणायचं आणि पुढचं वाक्य सुरू करायचं. पटवाल्या काकांची ही बोलायची रीत. नवखा माणूस त्या मधल्या जागेत बोलून टाकायचा आणि मग दोघांचाही घोटाळा व्हायचा. मीही पहिल्या दिवशी तेच केलं.

अमरावतीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरमागं बाई दिसली की गिऱ्हाईक आधी विचारतं, "मेकॅनिक कुठी गेला?" मी म्हणते, "जेवायला गेलाय, तोवर मलाच सांगा," आणि पेचकस काढते. काकांनी तसलं काही विचारलं नाही. त्यांनी मोटरसायकलला बांधलेली गोधडी सोडली, आतला डबा उचलून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, याले दम लागते." बोट वर गेलं, मान तिरकी झाली.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं जरा नाराजीनं पाहिलं. त्यांचं वाक्य अजून पोचायचं होतं. ते पोचल्यावर म्हणाले, "नुसता खेय लावला तं बरा रायते. नुसता बोललो तरी बरा रायते. खेय लावून मी बोललो का दम लागते. चित्र अडकते, आवाज फाटते, अन् खालतं लाल अक्षरं येते."

आजार इतका नीट सांगणारं गिऱ्हाईक क्वचित मिळतं. पण खरं सांगू, माझं लक्ष आजारापेक्षा रोग्याच्या मालकाकडं जास्त होतं. पन्नाशी उलटलेला माणूस. पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा, चप्पल मातीनं भरलेली. चांदूर बाजारकडच्या एका खेड्यातून एवढं ऊन अंगावर घेऊन आलेला, आणि कशासाठी, तर कॉम्प्युटरवरचा खेळ नीट रेकॉर्ड होत नाही म्हणून! तुमच्या समोर असा माणूस आला असता तर तुम्हीही खुर्ची ओढून बसला असता.

"कसला खेळ खेळता काका?"

"गाड्याचा."

"रेसिंग?"

"मी नाई खेयत. गाड्या पयते. मी सांगतो."

ते काय सांगतात हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही, कारण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती आणि काका लोकांसमोर लाजायचे. हजारो माणसांसमोर भोंग्यातून बोललेला हा माणूस दुकानात दोन माणसांसमोर लाजायचा, हे मला फार मजेशीर वाटलं. पण भोंग्याचं तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आता हा दम कसला ते सांगते. आपल्याकडं अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणायची पद्धत पडली आहे. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत पंख्याखाली बसलेला बिस्किटाएवढा चौकोन असतो. खेळातल्या गाड्या, रस्ता, धूळ यांचा हिशेब तोच करतो. तुम्ही तो खेळ रेकॉर्ड करायला लागलात की पडद्यावरचं प्रत्येक चित्र आवळून, घडी घालून ठेवायचं कामही, वेगळं चांगलं कार्ड नसेल तर, त्याच्याच गळ्यात पडतं. वर ते त्याच क्षणी नेटवरून लोकांना दाखवायचं. एक ना धड भाराभर चिंध्या. मग तो शंभर टक्क्यांवर जातो आणि घड्या घालायच्या राहून जातात. बघणाऱ्याला गाडी मध्येच थिजलेली दिसते आणि आवाज फाटका येतो.

मी डबा उघडला. पंख्यात कापसाचा बोळा निघाला, खऱ्याखुऱ्या कापसाचा. तो काढला, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. चित्राचा आकार कमी केला. सेकंदाला साठ चित्रं काढत होता, ती तिसावर आणली. आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्राम बंद केले. मग खेळ लावला, रेकॉर्डिंग लावलं, माइकमध्ये मीच "हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणत बसले. प्रोसेसरच्या कामाचा आकडा साठ टक्क्यांच्या आसपास रेंगाळला. डबा ठणठणीत. काकांनी तो पुन्हा गोधडीत बांधला आणि नेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "ताई, आवाज येऊन राह्यला का?" मग गप्प. मग, "पुन्हा दम लागला."

"आकडा किती दाखवतोय?"

"शंभर. पुरे शंभर." त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "ताई, शंभर टक्के काम करून राह्यला, तं त्याले वाईट कसं म्हनाव?"

डबा पुन्हा आला. माझ्याकडं पुन्हा साठ. पुन्हा गेला, तिथं पुन्हा शंभर. अशा दोन-तीन खेपा झाल्या. बिघाड सापडला नाही की माझ्या पोटात अन्न जात नाही. नवरा म्हणाला, "त्यांना सांग, नवीन घ्या." मी म्हटलं, नवीन घेतल्यानं कारण कळतं का? घरी काहीतरी पाणी मुरत होतं. वीज कमी-जास्त असेल, डबा चुलीच्या भिंतीला टेकवलेला असेल. मी मनातल्या मनात त्यांच्या घरातल्या सगळ्या भिंती हलवून पाहिल्या.

मधल्या काळात आणखी एक फोन आला. मूर्तिजापूरहून, एका चाचांचा. बैलगाडीच्या लाकडी चाकांना लोखंडी धावा बसवायचा त्यांचा धंदा; आता गाड्याच कमी झाल्यामुळं दुकान अर्धा दिवस उघडं असायचं. काकांनी "मशिनीची तक्रार तिच्याकडं सांगा" म्हणून माझा नंबर देऊन टाकला होता.

"बेटी, मेरी जोडी पोचतीच नहीं," चाचा म्हणाले. "लकीर के पास तक आती, अन् तिथीच अटक जाती. फिर दिखता सीधा दुसरा दाव. मेरी जोडी गई कहाँ?"

मी म्हटलं, "चाचा, कसली जोडी? त्या तर गेममधल्या मोटारी आहेत."

"तेरे वास्ते मोटारी. वो लाल गाडी मेरा सुलतान-बादल है."

तिथून पुढं चाचांनीच मला सगळं सांगितलं. आपल्या वऱ्हाडात शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. सरळ शेतात आखलेल्या वाटेवर छकड्याला जुंपलेल्या जोड्या पळतात; अशी एक फेरी म्हणजे एक दाव. काका या पटांचे निवेदक होते. मांडवात माइक घेऊन बसायचे आणि कुठली जोडी, कुठल्या गावची, छकडा हाकणारा धुरकरी कोण, कोण कुणाला कापतंय, हे असं सांगायचे की पाठ फिरवून बसलेल्या आंधळ्यालाही शर्यत दिसावी. चाचा म्हणाले, "वो बोलता था तो बैल का कान खडा होता था." पुढं कोर्टाच्या निकालानं पट बंद झाले. त्यातच लागोपाठची वाईट वर्षं आली. सोयाबीन हातचं गेलं, कपाशीला अळी लागली, चारा मिळेना. लोकांनी जोड्या विकल्या. चाचांनीही विकली.

मोबाइलवर नेट स्वस्त झालं तसं काकांना सुचलं. मुलगी लग्न होऊन अकोल्याला गेली होती, तिचा कॉम्प्युटर घरी पडला होता. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ होता. त्यात एक सरळ रस्ता होता आणि गाड्या कॉम्प्युटरच हाकायचा. काका एका वेळी दोनच गाड्या ठेवायचे आणि त्यांना विकल्या गेलेल्या जोड्यांची नावं द्यायचे. निळी म्हणजे बेलोऱ्याचे लखन-भुऱ्या, हिरवी नांदगाव खंडेश्वरचे रॉकेट-चिमण्या, लाल मूर्तिजापूरचे सुलतान-बादल. आणि त्या मोटारींचा पट ते नेटवरून लाइव्ह सांगायचे. रिकाम्या गोठ्यांचे मालक आपापल्या ओसरीवर बसून मोबाइलवर आपल्या जोडीचं नाव ऐकायचे.

"बेचने के बाद कहाँ गए, मैं ने कभी पूछा नहीं," चाचा म्हणाले. "पूछने की हिम्मत नहीं हुई. पटात तरी पोचू दे बेटी. एक बार लकीर के पार जाते देखूं."

फोन ठेवला. मग रविवारी दुकान बंद ठेवून काकांच्या गावची एसटी पकडली.

घर मातीचं, सारवलेलं, समोर ओसरी आणि बाजूला रिकामा गोठा. काकूंनी दारातच हातावर गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "तुमीच का त्या डब्याच्या डाक्टरीनबाई? बसा. त्याचं औषध पाहाच आज. आमच्या घरात आता त्या डब्याची तब्येत पयले, मानसाची मंग."

डबा चुलीपासून लांब होता. भिंत गार होती. वीज ठीक होती. माझे सगळे अंदाज उताणे पडले. मी म्हटलं, "काका, तुम्ही नेहमीसारखं सुरू करा. मी मागं बसून नुसती बघते."

काका घरात लाजले नाहीत. दुपट्ट्यानं तोंड पुसलं, ताठ बसले, आणि त्यांचा आवाज सुटला. देवाशपथ सांगते, मला त्या पडद्यावर मोटारी दिसायच्या बंद झाल्या. "सुटलीऽऽ, सुटली गा सुटलीऽऽ! डाव्या अंगानं बेलोऱ्याचा लखन, संगं त्याचा भुऱ्या! धुरकऱ्यानं अजून कासरा ढिला केला नाई, पाहा बाप्पा, राखून धरून राह्यला!" कसला कासरा आणि कसलं काय. मोटारीत माणूससुद्धा नव्हता. पण मी मान पुढं काढून तो धुरकरी शोधत होते.

आकडा अजून पन्नाशीतच होता. आणि मग काकांनी एक गोष्ट केली. खेळ जरा बाजूला सारून ब्राउझर उघडला, त्यात स्वतःचंच लाइव्ह लावलं आणि हेडफोनचा एक कान चढवला. आकडा सत्तर झाला, नव्वद झाला, शंभरला जाऊन बसला. खाली लाल अक्षरं आली. गाड्या अडकत अडकत चालायला लागल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! स्वतःचंच प्रक्षेपण त्याच मशिनवर उघडून बघायचं म्हणजे घातलेल्या घड्या त्याच हातांनी परत उलगडत बसायचं. दुकानात काकांनी कधी पट सांगितलाच नव्हता, म्हणून त्यांनी हे कधी उघडलंही नव्हतं. मी आनंदानं जवळजवळ उडी मारली आणि ती खिडकी बंद करून टाकली. आकडा सर्रकन खाली आला.

आणि काका गप्प झाले.

पडद्यावर दोन गाड्या मजेत पळत होत्या. कुठंही न अडकता त्या रेषेपार गेल्या. काका नुसते बघत राहिले. मोबाइलवर लोकांचे निरोप यायला लागले, आवाज गेला का, आवाज गेला का. काकांनी तोंड उघडलं, "बेलोऱ्याचा..." म्हणाले, मान तिरकी केली, बोट वर धरलं, आणि ते बोट तसंच राहिलं.

"ताई, ते बंद केलं तं मी बोलू कसा?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला त्या बोटाचा उलगडा झाला. पटात माइक या टोकाला असायचा आणि भोंगा अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर, शर्यत संपायच्या टोकाला. काका बोलले की त्यांचा शब्द तारेतून तिकडं जायचा आणि भोंग्यातून हवेवर परत यायचा, जरा उशिरानं. तो परत आला की तिकडच्या माणसांपर्यंत पोचला. मग पुढचा. सगळं आयुष्य या तालावर बोललेले. तुम्हा-आम्हाला आपलाच आवाज उशिरा ऐकू आला तर जीभ अडखळते. काकांची तो न आल्यानं अडखळायची. नेटवरून परत यायला आणखी उशीर लागतो, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. "तवा भोंगा वावराच्या त्या टोकाले होता," ते म्हणाले, "आता अमेरिकेत हाये. यवढाच फरक."

म्हणजे पाहा कशी गोची. परतीचा आवाज ठेवावा तर डब्याला दम लागतो आणि चाचांची जोडी रेषेआधी थिजते. बंद करावा तर जोडी पोचते, पण पोचली हे सांगणाराच मुका. आणि मुक्या पटाला कोण बघणार?

मी एक युक्ती केली. आवाज पकडून थोड्या वेळानं कानात सोडणारा एक इवलासा प्रोग्राम असतो, त्याला ताकद काहीच लागत नाही. तो लावला आणि काकांना म्हटलं, घ्या, आला तुमचा भोंगा. काका खुलले. पहिला दाव झकास सांगितला, दुसरा सांगितला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. तेवढ्यात नेटचं डोंगल नेहमीप्रमाणं रुसलं. प्रक्षेपण तुटलं. काकांच्या कानात मात्र त्यांचा आवाज येतच राहिला.

त्यांनी हेडफोन काढला. डोंगलच्या विझलेल्या दिव्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ताई, हे आतल्या आतच फिरून राह्यलं. बाहीर गेलंच नाई."

"पण काका, ताल तर तोच आहे ना?"

"तालाचं काय करू? हा खोटा साक्षीदार हाये." ते रागावले नव्हते, पण त्यांनी तो हेडफोन पुन्हा काही चढवला नाही.

मग मोबाइलवर लाइव्ह लावून तो शेजारी ठेवून पाहिला; त्याचं हेडफोनचं भोक कधीच खराब झालं होतं. मोबाइलचा आवाज माइकमध्ये शिरायचा, तोच परत मोबाइलमधून यायचा, परत माइकमध्ये. थोड्याच वेळात खोलीत वीस काका एकमेकांवर ओरडायला लागले. कोंबड्या ओसरीवरून पळाल्या.

काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. सकाळपासूनचा हा गोंधळ त्यांच्या डोक्यात गेला होता. "काय लावलं हे? एक सांगा मले. तुमचं बोलनं तिकडं गेलं का नाई, यवढंच पाह्यजे ना?"

"हो."

"मंग त्याले मशीन काहून पाह्यजे? मानूस नाई का घरात? आना तो मोबाइल इकडं."

त्यांनी मोबाइल घेतला, स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं, आणि भाकरी थापायला बसल्या. इकडं काकांनी बिचकत बिचकत सुरुवात केली. "सुटलीऽऽ... उजव्या अंगानं मूर्तिजापूरचा सुलतान, संगं बादल..." बोट वर. खोलीत शांतता. मग दाराआडून, भाकरी थापायच्या आवाजातून, काकूंचा खणखणीत आवाज आला: "आलंऽऽ!"

काकांचा चेहरा तेव्हा कसा झाला हे मला नीट लिहिता येणार नाही. त्यांनी बोट खाली घेतलं आणि पुढं बोलायला लागले, आणि मग काही थांबले नाहीत. डब्याचा आकडा चाळीसवर होता. लाल गाडी रेषेपार गेली, एकदाही न अडकता, आणि काका ओरडले, "पोचलीऽऽ! सुलतान-बादल पोचलीऽऽ!" आणि थोड्या वेळानं आतून, "आलं वोऽऽ! आलं! किती वरडता!"

संध्याकाळच्या एसटीत बसले तर चाचांचा फोन. नुसते "बेटी, बेटी" म्हणत राहिले. मीही एसटीत सगळ्यांसमोर डोळे पुसले. बाजूची बाई म्हणाली, "कोनी गेलं का बाई?" मी म्हटलं, नाही, पोचलं.

त्यानंतर काकांचा पट रीतसर भरायला लागला. लोकांना काकूंचं ते "आलं" मागून ऐकू यायचं आणि फार आवडायचं. कधी "आलं" च्या जागी "थांबा जरा, दूध उतू चाललं" असंही यायचं आणि काका खरंच थांबायचे. गाड्या पळत राहायच्या. गंमत अशी की काकूंनी त्याआधी नवऱ्याचा पट कधीच लक्ष देऊन ऐकला नव्हता. पटात बाया जात नसत. सगळी उमर माणूस आवाज विकून यायचा आणि घरी बसक्या आवाजात जेवायला मागायचा, एवढंच त्यांना ठाऊक. एकदा मी विचारलं, "काकू, आवडतं का आता?" त्या म्हणाल्या, "मले वाटे हे नुसते बोंबलते. पन चांगलं बोलते वो."

मी अधूनमधून जात राहिले. डब्याला काही झालेलं नसायचं, पण मला काहीतरी कारण काढून तिथं जाऊन बसायला आवडायचं. धुरकरी नसलेल्या मोटारीत मला धुरकरी कसा दिसला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मी पडद्याकडं बघून ऐकलं, डोळे मिटून ऐकलं, भिंतीकडं तोंड करूनही ऐकलं. धुरकरी दिसतोच.

एका हिवाळ्यात काकांचा घसा बसला तो उठलाच नाही. अमरावतीला दाखवलं, मग नागपूरला नेलं. तिथं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. काका घरी आले ते गळ्यापाशी छोटंसं छिद्र आणि त्यावर पांढरी जाळी घेऊन. मी भेटायला गेले तर हसले. बोट वर केलं, मान तिरकी केली, आणि मग हात झटकून टाकला: आता काही जात नाही.

पट बंद पडला. चाचा फोन करायचे आणि काही न विचारता ठेवून द्यायचे.

पोळ्याच्या दिवशी काकूंनी मला बोलावून घेतलं. सणाचं जेवण झालं. गावात थोडेफार बैल उरले होते, ते वेशीकडं वाजतगाजत निघाले. काकांचा गोठा रिकामा. ते जेवणावरून उठले आणि कुणाला काही न सांगता आतल्या खोलीत जाऊन डबा सुरू केला. खेळ लावला, लाल आणि निळी गाडी निवडली, प्रक्षेपण चालू केलं. मग उठून उभे राहिले आणि काकूंना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं.

"मले नाई येत हे," काकू म्हणाल्या. "मी काय बोलू?"

काकांनी मोबाइल उचलला आणि ओसरीवर जाऊन बसले. दार उघडं ठेवलं. आमच्याकडं पाठ, मोबाइल कानाला.

गाड्या सुटल्या. काकू बघतच राहिल्या. मी हळूच म्हटलं, "काकू, जोड्या पळायला लागल्या." आणि मग त्या बोलायला लागल्या, पण काकांसारखं नाही. काकूंना माहीत होती ती बैलांशी बोलायची भाषा वेगळी, संध्याकाळी गोठ्यात येणाऱ्यांशी बोलायची. "ये बाप्पा सुलतान. ये बादल. दमानं ये माया राजा. कोनी मारत नाई तुले. भुऱ्या, तूई ये, तू काहून मागं राह्यला?" लाल गाडी पुढं आहे की निळी, हे त्यांच्या बोलण्यावरून कुणालाही कळलं नसतं. त्या दोन्ही जोड्यांना बोलवत होत्या. लाल गाडी रेषेपार गेली, मागून निळी गेली, आणि काकू म्हणाल्या, "आले गा बाई. सगये आले घरी." आणि तोंडाला पदर लावला.

काका पुढचा पोळा पाहू शकले नाहीत. नंतर बैलांचे खरे पट पुन्हा सुरू झाले, नवे निवेदक आले. मी एकदा जाऊन आले, पोरं चांगलं बोलतात. पण मला काकांची फार आठवण आली आणि मी लवकर निघाले.

पोळ्याच्या त्या पटाचं रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे. एकही चित्र सुटलेलं नाही, आवाज कुठं फाटलेला नाही. काकूंना बंद कसं करायचं ते ठाऊक नव्हतं आणि मला त्या वेळी सुचलं नाही, म्हणून शर्यत संपल्यावरही ते चालूच राहिलं आहे. आमच्या खोलीत सगळं संपलं होतं. बाहेर ओसरीवर, काकांच्या कानाशी, नेटवरून उशिरानं पोचणाऱ्या जोड्या अजून पळत होत्या. रेकॉर्डिंगमध्ये तेवढा वेळ नुसता पंख्याचा आवाज आहे आणि काकूंचा श्वास. मग ओसरीवरून टाळी ऐकू येते. एकदा, मग पुन्हा, मग कितीतरी वेळ.